मनमाडचा प्रवासी नेमका कोण?

रात्री दीडच्या गाडीचं तिकीट चुकीच्या तारखेचं काढणारा माणूस मनमाडसारख्या जंक्शनवर नवलाचा नाही. त्याला निघायचं असतं सोमवारी रात्री. जेवणखाण उरकून, पोरांना उचलून, पिशव्या सांभाळत तो फलाटावर येतो. गाडी येते, तो डबा गाठतो आणि त्याच्या जागेवर दुसरंच कुटुंब पसरलेलं असतं. तिकिटावर सोमवारची तारीख छापलेली आहे, पण सोमवारची दीडची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली. रेल्वेच्या हिशेबी मध्यरात्री दिवस बदलतो. या माणसाच्या घरात तो अजून बदललेला नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला लागतो आणि घरातलं बोलणंही तसंच चालतं. सोमवारची रात्र म्हणजे मंगळवारी तांबडं फुटेपर्यंतची.

खिडकीतला मुरलेला बाबू हे जाणतो. तो फॉर्म हातात घेतानाच विचारतो, ‘रविवारची रात्र की सोमवारची?’ पडद्यावरचा तारखेचा चौकोन असं काही विचारत नाही.

आता समजा, तिकीट काढण्याच्या त्या पडद्याची परीक्षा घ्यायची आहे. वस्तू बाजारात आणण्याआधी ती काही माणसांच्या हाती देऊन बघायचं, ते कुठे अडतात याची नोंद करायची, या उद्योगाला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. मोठ्या कंपन्या एकच वस्तू चार-पाच देशांत अशी तपासून घेतात आणि मग देशांची तुलना करतात. लंडनमधली पाच आणि मुंबईतल्या एखाद्या संगणक कंपनीतली पाच माणसं बसवली तर दीडच्या गाडीवर बहुधा कोणीच अडखळणार नाही. अहवालात येईल की भारत आणि ब्रिटन सारखेच. तीच चाचणी मनमाडच्या तिकीटघराबाहेर घेतली तर अहवाल उलटेल आणि भारतीय माणसाच्या कालगणनेवर एखादं परिच्छेदभर भाष्यही लिहिलं जाईल. दोन्ही अहवाल प्रामाणिक असतील. भारत मात्र दोन्हीत नसेल. असतील फक्त निवडलेली पाच-पाच माणसं.

हा पेच संगणकाबरोबर आलेला नाही. मनमाडला तो रुळांबरोबरच आला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, ही कंपनी लंडनची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६० च्या दशकात नाशिकवरून खानदेशाकडे जाणाऱ्या मार्गावर मनमाड आलं. १८७८ मध्ये दौंडहून येणारा फाटा इथे जोडला गेला. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यातून मीटरगेज मार्ग येऊन भिडला, औरंगाबाद, जालना, परभणी करत थेट सिकंदराबादला जाणारा. एका बाजूला रुंद रूळ, दुसऱ्या बाजूला अरुंद. एका गाडीतून उतरून दुसरीत चढायचं, माल हमालांनी एका वाघिणीतून दुसरीत टाकायचा. पलीकडे गेलं की राज्य निजामाचं, कारभार उर्दूचा, नाणं हाली सिक्क्याचं. वेरूळ-अजिंठ्याला निघालेला गोरा साहेब, परभणीकडचा कापसाचा व्यापारी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेले शीख भाविक आणि मनमाड-नांदगावच्या आसपासचा अहिराणी बोलणारा शेतकरी, हे सगळे एकाच फलाटावर एकाच गोंधळात उभे असत. मीटरगेज १९९० च्या दशकात गेला, गोंधळ काही प्रमाणात राहिला.

या माणसांसाठी गाड्या बांधणाऱ्यांनी त्यांच्याबद्दल काय अंदाज बांधला होता? १८४५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानात पाठवलेल्या पत्रात भरवसा मालवाहतुकीवर ठेवला होता. उत्पन्न मिळालंच तर ते मालातून मिळेल, प्रवाशांतून फारसं नाही. लोक गरीब, वस्ती विखुरलेली. अंदाज साफ फसला. लोक तुटून पडले, आणि त्यातले दहांपैकी नऊहून अधिक तिसऱ्या वर्गाचे. ज्याच्याबद्दल काहीच विचार केला नव्हता तो प्रवासी रेल्वेचा मुख्य प्रवासी निघाला.

मग त्याच्या सोयींबद्दल पुन्हा अंदाजच. काही कंपन्यांनी बाकं नसलेले डबेही चालवून पाहिले. एतद्देशीय माणूस जमिनीवर बसायला सरावलेला असतो, हे त्यामागचं समर्थन. माणूस घरी जमिनीवर बसतो हे खरंच होतं. पण घरातली शेणानं सारवलेली जमीन आणि घाटात हिसके खाणाऱ्या, माणसांनी गच्च भरलेल्या डब्याची फळी यांत फरक असतो, हे त्या फळीवर बसणाऱ्यालाच कळणार. निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चूक, असं वस्तू तपासण्याच्या व्यवसायात वरचेवर घडतं. जनाना डब्यांचंही तसंच झालं. बायकांना काय हवं याबद्दलची मतं घेतली गेली ती बहुतेक वेळा प्रतिष्ठित पुरुषांकडून.

माणसामाणसांतला भेद रेल्वेला दिसत नव्हता असं मात्र नाही. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी सोय होती, उपाहारगृहं वेगळी होती, युरोपियनांचे डबे वेगळे होते. सोयीचे भेद बारकाईने पाहिले गेले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शौचकूप नाही आणि त्यामुळे माणूस स्टेशनावर उतरून पळतो, गाडी सुटते, हा भेद कित्येक दशकं दिसला नाही. ठरवणाऱ्यांच्या डब्यात शौचकूप होतंच.

वेळेचं प्रकरण तर याहून रंगलं. १८७० च्या सुमारास रेल्वेने देशभर मद्रासची वेळ धरली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे. रेखांशावरून हिशेब मांडला तर मनमाडचा सूर्य मुंबईच्या सहा-सात मिनिटं पुढे आणि मद्रासच्या तेवीस मिनिटं मागे. म्हणजे मनमाडच्या माणसाला एकाच गाडीसाठी तीन वेळा उपलब्ध होत्या. डोक्यावरचा सूर्य, मुंबईहून आलेल्या पाहुण्याचं घड्याळ आणि स्टेशनचं घड्याळ. त्याने त्यातून सोपा मार्ग काढला. गाडीच्या कितीतरी तास आधी स्टेशनावर येऊन बसायचं. साहेबांच्या लिखाणात मग हा माणूस वेळेचं भान नसलेला ठरला. वास्तविक तीन घड्याळांच्या गोंधळात गाडी न चुकवण्याची याहून खात्रीची युक्ती नव्हती, आणि तिकिटाची खिडकीही गाडी येण्याच्या जरा आधीच उघडत असे.

१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरावरही मद्रासची वेळ लादून पाहिली. शहराने ती मानली नाही, आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. १९०५ मध्ये रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने आजची प्रमाणवेळ स्वीकारली तेव्हा मुंबईच्या घड्याळांना एकोणचाळीस मिनिटं पुढे जायचं होतं. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलच्या कामगारांनी काम थांबवून दगडफेक केली. घड्याळाच्या नव्या आकड्यामुळे अंधारात कामावर यावं लागणार, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. व्यापारी, वकील, वर्तमानपत्रं यांचा विरोध अभिमानाचा होता. गिरणी कामगाराचा विरोध झोपेचा होता. एकाच शहरातले, एकाच बदलाला नकार देणारे हे दोन गट. ‘मुंबईकरांचा विरोध’ असं एकच लेबल लावलं तर यातलं काहीच हाती लागत नाही. मुंबईची जुनी वेळ काही घड्याळांत स्वातंत्र्यानंतरही, १९५० च्या दशकापर्यंत, टिकून होती. जीआयपीची गाडी तोवर मध्य रेल्वेची झाली होती.

आपण स्वतः डब्यात बसून बघावं हा विचार पुढे एका प्रवाशाने अमलात आणला. १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतल्यावर मोहनदास गांधी तिसऱ्या वर्गाने फिरू लागले आणि १९१७ च्या सप्टेंबरात त्यांनी रांचीहून वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. मुंबई ते मद्रास प्रवासाचं त्यात वर्णन आहे. बावीस माणसांसाठीच्या डब्यात पस्तीसपर्यंत माणसं, झोपायला जागा नाही, वाटेत डब्याची झाडलोट नाही, शौचकूप वापरण्याजोगं नाही. पत्राचं सामर्थ्य त्याच्या तपशिलात आहे. आजच्या भाषेत उत्तम निरीक्षण-अहवाल. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. गांधी बॅरिस्टर होते, नियम वाचू शकत होते, तक्रार लिहू शकत होते आणि त्यांचं पत्र छापलं जात होतं. हालअपेष्टा त्यांनी इतरांसारख्याच सोसल्या. डब्यातल्या एखाद्या प्रवाशाला बाबू ज्या भीतीने थिजवत असे, ती भीती त्यांच्या वाट्याला येणं अवघड होतं.

ती भीती किती वेगळी असू शकते, याची नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत केली आहे. १९०१ मध्ये ते लहान असताना भावंडांसह साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनला उतरले. वडील गोरेगावला नोकरीला होते. मुलांचे कपडे नीटनेटके, तिकिटं रीतसर. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलं महार असल्याचं कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो मागे सरकला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. तिकीट तेच, फलाट तोच, स्टेशनमास्तरही तोच. एका उत्तरानंतर ती निराळीच रेल्वे झाली.

मनमाडच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान याच धाग्यावरचं आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. मनमाड त्या वेळी पक्कं रेल्वेचं गाव होतं. पुलांचे गर्डर बनवणारा अभियांत्रिकी कारखाना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून इथे चालू होता. गँगमन, खलाशी, हमाल, फिटर यांची वस्ती होती. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे आंबेडकरांचं प्रसिद्ध प्रतिपादन याच भाषणातलं. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असं आपल्याला म्हणायचं नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना नकार देणारी वृत्ती असा अर्थ आहे, आणि ती सगळ्याच जातींत मुरलेली आहे, असा खुलासाही त्यांनी तिथेच केला.

हे भाषण पुष्कळदा त्या एका सूत्रापुरतं आठवलं जातं. पण त्यातला एक तपशील या लेखाच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. अस्पृश्य माणसाला रेल्वेत पोर्टर म्हणून का घेत नाहीत, हे आंबेडकरांनी उलगडून सांगितलं. ओझं उचलण्याचं काम त्याला जमणार नाही असा तर प्रश्नच नव्हता. अडचण अशी की छोट्या स्टेशनांवरचा पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करायचा. पाणी भरायचं, वरकाम करायचं. अस्पृश्य माणूस घरात चालणार नाही, म्हणून तो स्टेशनावरही नको. त्यामुळे तो वर्षानुवर्षं गँगमनच राहतो, रुळांवर, उन्हात, बढतीची फारशी आशा नसताना.

हे कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नव्हतं. रेल्वे कामगारांच्या अडचणींची पाहणी आधी झाली नव्हती असं नाही. १९२९ ते १९३१ या काळात व्हिटली आयोगाने देशभर फिरून कामगारांच्या साक्षी घेतल्या होत्या, आणि कामगार संघटनाही जोरात होत्या. पण संघटनेच्या पुढाऱ्याला विचारलं की तो पगार, तास, महागाई सांगणार. स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरात कोण पाणी भरतो, हा त्याला कामगारांचा प्रश्नच वाटणार नाही. पोर्टर होऊ न शकलेल्या माणसालाच विचारलं तर ते कळतं. आणि तोही कोणालाही सांगणार नाही. आपल्या माणसांच्या मांडवात, आपल्या पुढाऱ्यासमोर सांगेल. मनमाडच्या त्या दोन दिवसांनी कामगार पाहणीतली ही पोकळी दाखवून दिली. निवडलेली माणसं बदलली की प्रश्नांची यादीच बदलते.

पन्नास-साठ वर्षांनी संगणकाच्या दुनियेत नेमकं हेच नव्याने शोधलं गेलं, आणि बऱ्याच ठेचा खाऊन.

वस्तू वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं, ही युक्ती आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये संगणकाच्या चाचणीसाठी मांडली. पुढे याकोब निल्सन यांचा हिशेब गाजला. पाच माणसांवर चाचणी घेतली की सुमारे पंच्याऐंशी टक्के अडचणी सापडतात. हा आकडा स्वस्त होता म्हणून लोकप्रिय झाला, असं म्हटलं तर ते अन्यायाचं होणार नाही. २००३ मध्ये लॉरा फॉकनर यांनी साठ माणसांची चाचणी घेऊन त्यातून पाच-पाचांचे गट पुन्हा पुन्हा काढून पाहिले. सरासरी पंच्याऐंशीच्या आसपासच आली. पण एखाद्या गटाला नव्याण्णव टक्के अडचणी सापडल्या, तर एखाद्याला जेमतेम पंचावन्न. आपल्या वाट्याला यातला कोणता गट आला, हे चाचणी घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

हे एकाच देशातल्या माणसांबद्दल. तपासणारे बदलले तर काय होतं, हे डेन्मार्कच्या रॉल्फ मोलिच यांनी पाहिलं. १९९८ मध्ये नऊ गटांना एकच वस्तू दिली, हॉटमेल ही ईमेल सेवा. सगळ्यांच्या मिळून ३१० अडचणी निघाल्या, आणि त्यातल्या पंच्याहत्तर टक्के अडचणी फक्त एकेका गटालाच दिसल्या होत्या. आता दोन देशांत दोन वेगळे गट चाचणी घेणार, माणसं वेगळी, भाषा वेगळी, आणि शेवटी अहवालात देशांचा तक्ता येणार. त्या तक्त्यात देश किती आणि नशीब किती, याचा निवाडा कोण करणार?

मोठ्याने बोलण्याची युक्तीही सगळ्यांना सारखी मानवत नाही. हीजंग किम यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना बुद्धिमापनाची कोडी दिली. कोडं सोडवताना बोलत राहा म्हटल्यावर पूर्व आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची कामगिरी घसरली, युरोपीय वंशाच्यांची घसरली नाही. विद्यापीठ एकच, देश एकच. बोलण्याचं वळण घरून आलेलं.

आणि मग भिडस्तपणा. यजमानीण समोर उभी राहून ‘भाजी कशी झालीय?’ विचारते तेव्हा मीठ जास्त पडल्याचं कोणता पाहुणा सांगतो? मुंबईत ह्यूमन फॅक्टर्स इंटरनॅशनल या कंपनीत काम करताना अपाला लाहिरी चव्हाण यांना चाचणीच्या खोलीत हेच दिसत होतं. समोरची माणसं अडत होती, चुकत होती, पण वेबसाइट वाईट आहे असं म्हणायला तयार नव्हती. ज्याने बोलावलं, चहा दिला, त्याच्या वस्तूला नावं कशी ठेवायची? शिवाय आपल्याला जमलं नाही यात दोष आपलाच, ही शाळेपासूनची सवय.

त्यांनी काढलेला उपाय हिंदी सिनेमाला शोभेल असा होता, आणि त्याला नावही ‘बॉलिवूड पद्धत’ असंच पडलं. ‘बंगळूरचं तिकीट काढा’ असं कोरडं काम देण्याऐवजी गोष्ट सांगायची. तुमची भोळीभाबडी भाची, तिचं लग्न ठरलंय. आत्ताच कळलंय की होणारा नवरा गुंडांच्या टोळीतला मारेकरी आहे, आणि त्याचं आधीच लग्न झालेलं आहे! त्याच्या पहिल्या बायकोला घेऊन तुम्हाला ताबडतोब बंगळूर गाठायचंय. काढा तिकीट. या गोष्टीत शिरलेला माणूस भीड विसरायचा. पडदा अडला की चिडायचा, बडबडायचा, काय नीट नाही ते फाडफाड सांगायचा. लंडनच्या प्रयोगशाळेत हे कोणाला पोरकट वाटेल. पण भाचीच्या लग्नाची घाई काय असते हे इथल्या माणसाला समजावावं लागत नाही, आणि रेल्वे-विमानाची तिकिटं खऱ्या आयुष्यात बव्हंशी अशाच घाईत निघतात.

प्रश्न विचारणारा कोण, यानेही उत्तर बदलतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात रविकिरण वात्रापू आणि मॅन्युएल पेरेझ-किन्योनेस यांनी भारतीय विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाची मुलाखत अमेरिकी माणसाने घेतली, दुसऱ्याची भारतीयाने. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भारतीय मुलाखतकारासमोर विद्यार्थ्यांनी अधिक दोष दाखवले आणि सूचनाही अधिक केल्या. हे विद्यार्थी उच्चशिक्षित, इंग्रजी बोलणारे, परदेशात राहणारे होते. त्यांची ही तऱ्हा, तर अन्नमहामंडळाच्या मनमाडमधल्या गोदामात पोती उचलणाऱ्या हमालासमोर पुण्याहून आलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला तरुण टॅब धरून बसला तर काय होईल, याचा अंदाज करायला अभ्यास लागत नाही. ‘चांगलंय की साहेब’ एवढंच उत्तर मिळेल आणि समाधानाच्या रकान्यात पाचपैकी पाच गुण पडतील. ‘भारतीय वापरकर्ते अधिक समाधानी’ हा निष्कर्ष असाच जन्माला येतो. भारतीय मुलाखतकार नेमला म्हणजे भागलं, असंही नाही. १९०१ चा मसूरचा स्टेशनमास्तर भारतीयच होता.

मनमाडला अशी चाचणी खरोखर मांडायची तर माणसं निवडतानाच दमछाक होईल. मुंबईला सतत ये-जा करणारा प्रवासी मोबाइलवर तिकीट डोळे मिटून काढतो. शिर्डीला निघालेलं तेलुगू कुटुंब इथे उतरतं, त्यातला कॉलेजातला मुलगा इंग्रजीत सगळं करतो आणि आजी-आजोबा त्याच्याकडे बघत राहतात. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरहून नांदेडला निघालेल्या शीख कुटुंबाला मराठी पाटी वाचता येत नाही, हिंदी येते. ऊसतोडीला निघालेल्या टोळीची तिकिटं मुकादम काढतो, टोळीतल्या बाईने आयुष्यात कधी तिकीट काढलेलं नाही, पण ती दर वर्षी प्रवास करते. तिला पडद्यापुढे बसवलं तर ती अडेल. ती प्रत्यक्षात पडद्यापुढे कधी येणारच नाही, म्हणून ते अडणं मोजायचं की नाही? की मोजायचा तो मुकादम?

रेल्वेने अलीकडच्या काळात याचं उत्तर नकळत दिलेलं आहे. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली तेव्हा पडद्यावर काढलेलं तिकीट कागदावर छापून कुरिअरने घरी पोचवावं लागे. तिकिटाचा छापील कागद हातात हवा होता. ई-तिकीट २००५ मध्ये आलं. त्याच दशकात मुंबईच्या उपनगरी स्टेशनांवर स्वयंचलित तिकीट यंत्रं, एटीव्हीएम, लागू लागली. स्मार्ट कार्ड ठेवा, स्टेशन निवडा, तिकीट घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा. खिडकीपुढची रांग कमी व्हावी, प्रवाशाने स्वतः तिकीट काढावं, हा हेतू. स्मार्ट कार्डवर रिचार्ज केलं की बोनस, असं आमिषही होतं.

यंत्रांपुढे लोक फारसे जाईनात. मग रेल्वेने ‘फॅसिलिटेटर’ नेमले, पुष्कळसे निवृत्त रेल्वे कर्मचारी. ते आपापलं स्मार्ट कार्ड घेऊन यंत्राशेजारी उभे राहतात. प्रवासी येतो, रोख पैसे पुढे करतो आणि नेहमीच्या खिडकीवर म्हणावं तसं म्हणतो, ‘दादा, दोन कल्याण, एक हाफ.’ दादा पडद्यावर चार वेळा बोट टेकवतो, तिकीट बाहेर पडतं. कार्डावरचा बोनस हीच त्याची कमाई. प्रवाशाच्या हाताने चालावं म्हणून बनवलेलं यंत्र दिवसभर एकाच सराईत बोटाने चालतं. त्या यंत्राचा पडदा सुधारायचा असेल तर चाचणीला आधी या निवृत्त माणसाला बसवायला हवं. स्टेशनांच्या यादीत कोणतं बटण कुठे आहे, कोणत्या वेळी कोणतं ठिकाण जास्त मागितलं जातं, चिल्लर नसली की काय करायचं, पावसात पडदा बोटाला दाद देत नाही तेव्हा काय पुसायचं, हे सगळं त्याला ठाऊक आहे. रात्रीच्या गाडीची चौकशी करणाऱ्याला तो आपण होऊन विचारतोही, ‘आजची रात्र ना? मग उद्याची तारीख पडेल बरं का.’